सीलबंद पाकिटाच्या आडून

मे महिना सरत येतो, कृषी खात्याची भरारी पथकं तालुक्यातल्या कृषी सेवा केंद्रांवर फिरू लागतात आणि एक युक्तिवाद दरवर्षी नव्यानं ऐकू येतो. तो दुकानाच्या ओट्यावर ऐकू येतो, विक्रेत्यांच्या बैठकीत ऐकू येतो, वर्तमानपत्रांतल्या पत्रांतही वाचायला मिळतो. ‘आम्ही लहान माणसं. कंपनीनं पाकीट सीलबंद करून पाठवलं, आम्ही ते तसंच शेतकऱ्याच्या हातात दिलं. आत काय आहे ते आम्ही कुठून बघणार? बी उगवलं नाही, औषधानं कीड मेली नाही, तर कंपनीला धरा. चोर सोडून संन्याशाला फाशी कशाला?’ मग त्याला जोडून दुसरी बाजू येते. ‘आणि गावासाठी आम्ही काय कमी करतो? बँक दारात उभं करत नाही त्याला आम्ही उधारीवर बियाणं देतो. सप्त्याला, गणपतीला, शाळेच्या कार्यक्रमाला पहिली पावती आमच्याच नावाची फाडतात.’

या युक्तिवादाला शहरातूनही पाठबळ मिळतं. सामाजिक जबाबदारी म्हटली की तिथं कंपनी कायदा डोळ्यांपुढं येतो. २०१३ च्या या कायद्याच्या १३५व्या कलमानं ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपयांच्या वर आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के समाजासाठी खर्च करायला सांगितलं आहे. त्या मोजमापात गावचं कृषी केंद्र, गिरणी, दूध संकलन केंद्र किंवा किराणा दुकान कुठं बसणार? तेव्हा लहान धंदेवाल्याला सुखानं पोट भरू द्यावं, जबाबदारीचं ओझं मोठ्यांच्या खांद्यावर टाकावं, असा सूर निघतो. ऐकायला तो दयाळू वाटतो. गावच्या माणसाच्या दृष्टीनं तो घातक आहे, आणि का घातक आहे ते मला इथं मांडायचं आहे.

आधी विक्रेत्यांच्या म्हणण्यात जे खरं आहे ते मान्य करतो. २०२३ च्या पावसाळी अधिवेशनात राज्य सरकारनं बोगस बियाणं, खतं आणि कीटकनाशकांविरुद्ध पाच विधेयकं आणली. त्यांतल्या एका विधेयकानं या गुन्ह्यांना एमपीडीए कायद्याच्या कक्षेत आणायचं ठरवलं होतं. हा कायदा हातभट्टीवाले, झोपडपट्टीदादा आणि अट्टल गुन्हेगार यांना खटल्याआधीच स्थानबद्ध करण्यासाठी केलेला आहे. परवाना भिंतीवर लावून, उगम प्रमाणपत्र असलेला माल विकणाऱ्या दुकानदाराला त्याच माळेत ओवणं अन्यायाचं होतं. त्याविरुद्ध २ ते ४ नोव्हेंबर २०२३ असे तीन दिवस राज्यभरातली कृषी केंद्रं बंद राहिली, ती उगीच नाही. पाकिटातल्या मालाच्या दर्जाचं पहिलं उत्तर उत्पादकानंच द्यायला हवं, याबद्दल दुमत नाही.

शिवाय कायदाही विक्रेत्याला वाऱ्यावर सोडत नाही. कीटकनाशक अधिनियम १९६८ च्या ३०व्या कलमात विक्रेत्याला संरक्षण दिलेलं आहे. माल परवानाधारकाकडून घेतला, तो नीट साठवला, जसा आला तसाच ठेवला आणि रास्त काळजी घेऊनही त्यातला दोष कळण्यासारखा नव्हता, एवढं त्यानं सिद्ध केलं की तो सुटतो. विक्रेते या कलमाचा पहिला भाग आवर्जून सांगतात. ‘रास्त काळजी’ या अटीवर मात्र कुणी बोलत नाही. सगळा वाद या अटीत आहे.

रास्त काळजी म्हणजे काय, ते सोयाबीनच्या उदाहरणानं पाहू. ऑक्टोबर २०१९ मध्ये काढणीच्या ऐन वेळी मराठवाडा-विदर्भात पाऊस कोसळला आणि बियाण्यासाठी राखलेलं सोयाबीन शेतातच भिजलं. पुढच्या खरिपात, जून २०२० मध्ये, बियाणं उगवलं नाही अशा हजारो तक्रारी आल्या. शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची पाळी आली. पोलिसांत गुन्हे नोंदवायला सुरुवात झाली तेव्हा विक्रेत्यांनी हेच म्हटलं, की पिशवी सीलबंद होती, आम्ही काय करणार?

करण्यासारखं होतं. सोयाबीनच्या बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असावी लागते. ती तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. ओलं गोणपाट घ्यायचं, त्यावर शंभर दाणे ओळीनं मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल टिकवायची आणि आठवड्यानं कोंब मोजायचे. कृषी सहायक गावोगाव फिरून घरचं बियाणं वापरणाऱ्या शेतकऱ्याला हेच शिकवतो. दुकानात माल पेरणीच्या कितीतरी दिवस आधी येऊन पडलेला असतो. प्रत्येक लॉटमधली एक पिशवी फोडून ही चाचणी केली असती, तर नुकसान एका पिशवीचं झालं असतं. आदल्या वर्षी काढणीत पाऊस झाला होता हे तालुक्यातल्या प्रत्येक दुकानदारानं डोळ्यांनी पाहिलं होतं. ज्याला शंका यायला हवी होती त्यानं शंका घेतली नाही, आणि त्याची किंमत दुसऱ्यानं चुकवली. दुबार पेरणीचा खर्च कंपनीच्या खात्यातून गेला नाही, दुकानाच्या गल्ल्यातूनही गेला नाही.

तरीही, पाकिटाच्या आतला माल हा या वादातला लहान भाग आहे. मोठा भाग पाकिटाच्या बाहेर आहे, कारण कृषी केंद्र पाकिटं विकत असलं तरी शेतकरी तिथं जातो तो सल्ल्यासाठी.

जुलै-ऑगस्टमध्ये कुठल्याही तालुक्याच्या दुकानात तासभर उभं राहून बघा. शेतकरी पिशवीतून चार पानं काढतो, एखादं बोंड काढतो, हल्ली मोबाइलवरचा फोटो दाखवतो आणि विचारतो, ‘भाऊ, काय मारू?’ दुकानदार पान उलटं करून बघतो किंवा बघतही नाही. फळीवरून तीन बाटल्या उतरवतो. एक किडीची, एक बुरशीची, एक ‘वाढी’ची. ‘हे पंपाला तीस मिली, हे पंधरा, हे एक झाकण, तिन्ही एकत्र मारलं तरी चालतं.’ व्यवहार पाच मिनिटांत संपतो. त्या पाच मिनिटांत रोगाचं निदान झालं, औषध ठरलं, मात्रा ठरली आणि मिश्रणही ठरलं. कृषी विद्यापीठाची शिफारस आणि लेबलवरचं पीक बाजूला राहिलं. कृषी सहायकाकडं बरीच गावं आणि त्याहून जास्त कागद असतात. तो वेळेवर भेटत नाही. म्हणून शेतातला बहुतेक निर्णय या काउंटरवर होतो. माणसांसाठी निदान डॉक्टर करतो आणि औषध दुसरा विकतो. इथं दोन्ही कामं एकाच्याच हातात आहेत आणि ज्या बाटलीत मार्जिन जास्त तीच आधी खाली उतरते. एवढी सत्ता हातात असलेला माणूस जबाबदारीची वेळ आली की ‘मी फक्त पाकीट दिलं’ असं म्हणतो. हे मला मान्य नाही.

यवतमाळमध्ये २०१७ साली जे झालं ते याच काउंटरपासून सुरू झालं. त्या खरिपात कपाशी उंच वाढली होती, अनेक शेतांत ती माणसाच्या छातीला, डोक्याला लागत होती. गुलाबी बोंडअळीचा कहर होता. फवारे वाढले, औषधं एकमेकांत मिसळून मारली गेली, आणि फवारा अंगावर, तोंडावर पडत राहिला. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं दगावली आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. सरकारनं विशेष तपास पथक नेमलं. नोव्हेंबरमध्ये यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलडाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांवर आणि त्यांच्या मिश्रणांवर साठ दिवसांची बंदी घातली. त्यांत मोनोक्रोटोफॉस होतं, ॲसिफेट होतं, डायफेन्थ्युरॉन होतं, प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रीन आणि फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिड ही तयार मिश्रणं होती.

कंपन्यांचा दोष होता. सरकारी यंत्रणेचा होता. विषबाधेच्या बातम्या येत असताना ती उशिरा हलली. ते सगळं खरं. पण हे पदार्थ एका पंपात एकत्र ओता असं सांगणारं तोंड कुठल्याही कंपनीच्या मुख्यालयात बसलेलं नव्हतं. ते गावातलं, ओळखीचं, विश्वासाचं होतं. आणि त्या मिश्रणाचा आणखी एक परिणाम झाला, ज्याची चर्चा फार कमी झाली. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस यांसारख्या सेंद्रिय फॉस्फरसच्या विषावर ॲट्रोपिनसारखा उतारा आहे. फिप्रोनिल किंवा डायफेन्थ्युरॉनवर असा नेमका उतारा नाही. तिथं लक्षणं पाहून उपचार करावे लागतात. बेशुद्ध माणूस खाटेवर आणला जातो आणि सोबतचा माणूस ‘कपाशीचं औषध मारत होता’ एवढंच सांगतो, तेव्हा डॉक्टरनं अंदाज कशावर बांधायचा? कोणतं औषध, कुठल्या तारखेला आणि किती दिलं हे लिहिलेली पावती घरात असती तर उपचाराची दिशा लवकर ठरली असती.

दगावलेल्यांत मजुरी करणारे बरेच होते. पंपामागे रोज घेऊन दुसऱ्याच्या शेतात फवारणारा मजूर दुकानाचं गिऱ्हाईकच नव्हे. त्यानं बाटली विकत घेतली नाही, लेबल पाहिलं नाही, विषाची तीव्रता सांगणारा त्यावरचा त्रिकोण लाल आहे की पिवळा हे त्याला कुणी दाखवलं नाही. दुकानदार आणि शेतकरी यांच्यातल्या सौद्यात तो कुठंच नाही, पण विष मात्र त्याच्या कातडीतून आत गेलं. धंद्याची जबाबदारी फक्त गिऱ्हाइकापुरती मानणाऱ्यांनी या माणसाचं काय करायचं ते सांगावं. गावाबद्दलची जबाबदारी म्हणतात ती मला इथं दिसते: सौद्यात नसलेल्या, पण सौद्याचा भोग भोगणाऱ्या माणसाबद्दलची जबाबदारी. ती पार पाडायला दुकानदाराला काय करावं लागलं असतं? बाटली देताना ‘फवारणार कोण?’ हा एक प्रश्न. लाल त्रिकोणाची बाटली देताना हातमोजे, मास्क पुढं करणं. बाटलीसोबत माहितीपत्रक येतं, नियमानं ते स्थानिक भाषेतही असावं लागतं; ते कचऱ्यात न टाकता पिशवीत घालणं आणि ‘फवारणाऱ्याला वाचून दाखवा’ म्हणणं. याला कोणता भांडवली खर्च लागतो?

शिक्षण नाही, शास्त्र कळत नाही, ही सबबही आता उरलेली नाही. हैदराबादच्या ‘मॅनेज’ या संस्थेनं २००३ पासून कृषी निविष्ठा विक्रेत्यांसाठी वर्षभराची पदविका चालवली आहे. ४८ आठवडे, आठवड्यातून एक दिवस, तोही बाजाराच्या सुट्टीचा, म्हणजे दुकान बंद ठेवावं लागत नाही. महाराष्ट्रातल्या किती तरी विक्रेत्यांनी ही ‘देसी’ पदविका घेतली आहे आणि त्यांतले काही खरोखर बदलले आहेत. पान भिंगाखाली धरून बघणारे, ‘या अवस्थेत फवारणीची गरज नाही, आठ दिवस थांबा’ असं सांगणारे दुकानदार आहेत. अशांकडं गर्दी कमी होत नाही, वाढते. पण पुष्कळ ठिकाणी प्रमाणपत्र एकाचं, परवाना त्याच्या नावाचा आणि काउंटरवर दुसराच, हंगामापुरता ठेवलेला मुलगा बसलेला असतो. परवाना भिंतीवर टांगायचा आणि ज्ञान घरी ठेवायचं, ही गावाची फसवणूक आहे.

आता पावतीकडं येतो. या सगळ्या वादाचं मूळ पावतीत आहे असं मी मानतो.

कायदा स्पष्ट आहे. खत नियंत्रण आदेश १९८५ असो की बियाणे नियंत्रण आदेश १९८३, विक्रेत्यानं रोखीची किंवा उधारीची पावती द्यायची आहे आणि साठा व भावाचा फलक ग्राहकाला दिसेल असा लावायचा आहे. प्रत्यक्षात अनुदानित खत सोडलं तर बाकी बहुतेक माल वहीच्या कोपऱ्यावर किंवा सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर लिहिलेल्या आकड्यानं विकला जातो. ‘हंगामात एवढ्या गर्दीत पावत्या कुठं फाडत बसू?’ असं विचारलं जातं. पण २०१८ पासून त्याच काउंटरवर पॉस मशिन आहे. युरियाच्या गोणीसाठी आधार घेऊन, अंगठा लावून पावती निघतेच, आणि ती गर्दीतच निघते. सरकारचं अनुदान अडकलं की पावतीला वेळ मिळतो. शेतकऱ्याचा हक्क अडकला की मिळत नाही.

आणि हा हक्क किरकोळ नाही. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली शेतकरी हा ग्राहक आहे आणि सदोष बियाण्यासाठी तो ग्राहक न्यायालयात दाद मागू शकतो, हे निःसंदिग्धपणे सांगितलं. कृषी खातं दर खरिपात सांगतं, पावती, पिशवी, टॅग आणि मूठभर बियाणं पीक निघेपर्यंत जपून ठेवा. तालुक्याच्या तक्रार समितीपुढं उभं राहताना पहिला प्रश्न पावतीचा असतो. ज्याच्याकडं ती नाही त्याची तक्रार तिथंच लंगडी पडते. म्हणजे पावती न देणारा दुकानदार आळस करत नसतो. शेतकऱ्याच्या हातातला एकमेव पुरावा तो आधीच काढून घेत असतो, आणि नंतर सांगतो की कंपनीला धरा. कशाच्या आधारावर धरायचं?

गाव आणि दुकान यांच्यातलं भांडण महाराष्ट्रात नवं नाही आणि ते नेहमी वहीवरूनच झालेलं आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकार-दुकानदारांवर हल्ला केला आणि लोण पुणे-अहमदनगरच्या अनेक गावांत पसरलं. जमावाचा रोख माणसांच्या जिवापेक्षा कागदांवर होता. कर्जखतं बाहेर काढून जाळली गेली, कारण त्या कागदांत काय लिहिलंय हे फक्त एकाच बाजूला माहीत होतं. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा झाला. त्यानं शेतकऱ्याला फेडलेल्या पैशाची लेखी पावती आणि वर्षाच्या हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क दिला. परकं सरकार, निरक्षर प्रजा, टाक आणि बोरूचा काळ, आणि तरी एवढं कळलं होतं की गावातल्या व्यवहारात दुबळ्याच्या हातात कागद हवा. त्याला दीडशे वर्षं होत आली. आज दुकानात संगणक आहे, शेतकऱ्याचा मुलगा पदवीधर आहे, आणि पावती मागितली की ‘विश्वास नाही का आमच्यावर?’ असं विचारलं जातं. विश्वास आहे म्हणूनच तो दुकानात आला आहे. पण सल्ला चुकला, बी उगवलं नाही, तर त्या विश्वासाचा पंचनामा होत नाही.

उधारीचा मुद्दा विक्रेत्यांचा सगळ्यांत भावनिक मुद्दा आहे आणि त्यात तथ्य आहे. पीक कर्ज वेळेवर मिळत नाही, पेरणी थांबत नाही. त्या फटीत दुकानदार उभा राहतो. त्याची उधारी बुडते, दुष्काळात दोन-दोन वर्षं अडकते, हे मी नाकारत नाही. पण उधारी हा उपकार असेल तर उधारीचा भाव आणि रोखीचा भाव एक हवा, किंवा फरक किती ते पावतीवर लिहिलेलं हवं. बहुतेक ठिकाणी व्याज बाटलीच्या किमतीतच मिसळलेलं असतं. रोखीनं घेणाऱ्याला छापील किमतीवर सूट आणि उधारीवाल्याला छापील किंमत, वर हंगामाच्या शेवटी वाढवलेला आकडा. त्याहून वाईट म्हणजे उधारीनं निवड जाते. उधारीचा शेतकरी ‘हे नको, ते द्या’ म्हणू शकत नाही. शेठ देईल ती कंपनी, शेठ देईल ते टॉनिक. पुढं सोयाबीन-कापूसही त्याच्याच ओळखीच्या व्यापाऱ्याकडं, त्यानं सांगितलेल्या भावात घालावा लागतो. उधारी द्यावी, जरूर द्यावी. पण ती दिली म्हणून पावती, योग्य सल्ला आणि निवड या तीन गोष्टी त्या बदल्यात काढून घेता येणार नाहीत.

लिंकिंगच्या बाबतीत दुकानदार खरोखरच दोन्हीकडून भरडला जातो. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीचा भाव २६६ रुपये ५० पैसे. त्या भावात हवा तेवढा युरिया हवा असेल तर सोबत नॅनो खताच्या बाटल्या, सूक्ष्म अन्नद्रव्यांची पाकिटं, विद्राव्य खतं घ्या, असा आग्रह कंपनीकडून वितरकावर, वितरकाकडून दुकानदारावर आणि दुकानदाराकडून शेतकऱ्यावर येतो. हे बेकायदा आहे, सरकारनं ते बंद करण्याचे आदेश पुन्हा पुन्हा दिले आहेत, आणि विक्रेत्यांच्या संघटनांनीही त्याविरुद्ध निवेदनं दिली आहेत. माझी तक्रार पुढची आहे. स्वतःवर एमपीडीएची तलवार आली तेव्हा तीन दिवस राज्यभर शटर खाली ठेवण्याची ताकद या संघटनांनी दाखवली. जी कंपनी लिंकिंग करते तिचा सगळा माल एक हंगाम न उचलण्याची ताकद त्यांच्याकडं नाही, यावर माझा विश्वास बसत नाही. जोखीम विक्रेत्याच्या अंगावर आली तेव्हा संप झाला, शेतकऱ्याच्या अंगावर ढकलता येत होती तोवर निवेदनांवर भागलं. लहान माणूस एकटा असतो तेव्हा दुबळा असतो हे कबूल, पण हजारो लहान दुकानदारांची संघटना दुबळी नसते.

अनधिकृत एचटीबीटी कपाशीच्या बियाण्याबद्दल फार लिहीत नाही. तणनाशक सहन करणाऱ्या या वाणाला केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीनं परवानगी दिलेली नाही, तरी ते दरवर्षी येतं, चढ्या भावानं विकलं जातं. या तंत्रज्ञानाला परवानगी असावी की नसावी हा वेगळा वाद आहे आणि शेतकऱ्यांच्या काही संघटना त्याच्या बाजूनं उघडपणे लढतात. पण जो विक्रेता कायदेशीर बीटी बियाण्याच्या बाबतीत ‘पाकीट सीलबंद होतं’ म्हणतो, तोच मागच्या दारानं विनापावती, विनालेबल पाकीट देतो, तेव्हा त्याचा पहिला युक्तिवाद आपोआप कोसळतो.

आणि वर्गणी. वर्गणी द्यावी, तिचं मोल आहे. पण तिचा हिशेब इथं लागू होत नाही. सप्त्याच्या पंगतीला दिलेल्या पाच हजारांनी न दिलेल्या पावतीची भरपाई होत नाही, आणि शाळेला दिलेल्या पंख्यानं चुकीच्या मिश्रणाचं पाप धुतलं जात नाही. गावाबद्दलची जबाबदारी नफ्यातून वेगळा वाटा काढून पार पाडायची असते, ही मोठ्या कंपन्यांसाठी केलेली कल्पना आहे. दोन टक्के द्या आणि उरलेल्या अठ्ठ्याण्णवबद्दल कुणी विचारू नये, असा तिचा अर्थ सोयीनं लावला जातो. लहान धंद्यात दोन टक्क्यांचा प्रश्नच येत नाही, म्हणूनच तिथं प्रश्न पूर्ण शंभर टक्क्यांचा आहे: धंदा कसा चालतो, वजन कसं केलं जातं, सल्ला कुणाच्या फायद्याचा दिला जातो. दूध संकलन केंद्रावर फॅटचं मशिन गवळ्याला दिसेल असं ठेवलं आहे की पडद्याआड, धान्याच्या आडतीवर मापात किती किलो ‘कटती’ काढली जाते, पिठाच्या गिरणीत घट किती धरली जाते, याच गोष्टींनी गाव सुखी होतं किंवा नागवलं जातं. कृषी केंद्र हे त्यांतलं सगळ्यांत जोखमीचं दुकान आहे, कारण तिथली चूक सहा महिन्यांनी कळते आणि तोवर हंगाम गेलेला असतो.

‘एवढं कडक धरलं तर लहान दुकानं बंद पडतील, मग मोठ्या कंपन्यांची साखळी दुकानं येतील आणि गाव आणखी परकं होईल,’ असंही सांगितलं जातं. मला ही भीती खरी वाटते. गावातलं दुकान टिकावं अशीच माझी इच्छा आहे. पण साखळी दुकानापेक्षा गावातल्या दुकानाकडं काय जास्त आहे? भाव तर नाही. त्याच्याकडं ओळख आहे. कुणाची जमीन चोपण, कुणाची मुरमाड, कुणाच्या विहिरीला मार्चमध्ये पाणी राहतं, कुणाच्या घरात फवारायला फक्त म्हातारा बाप आहे, हे त्याला माहीत असतं. ही ओळख सल्ल्यात उतरली तर कुठलंही साखळी दुकान त्याच्याशी स्पर्धा करू शकणार नाही. ती फक्त उधारी वसुलीसाठी वापरली तर मोबाइलवर मागवलेल्या बाटलीत आणि त्याच्या बाटलीत शेतकऱ्याला काहीच फरक उरणार नाही. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी आणि सोसायट्यांनी चालवलेल्या दुकानांनाही हे तितकंच लागू आहे. मालक शेतकरी आहे म्हणून पावती आपोआप फाटत नाही.

कायद्यात सुधारणा हवीच. उत्पादकावरची जबाबदारी घट्ट करावी, नमुन्यांचे अहवाल हंगाम संपण्याआधी यावेत, प्रामाणिक विक्रेत्याला एमपीडीएची भीती दाखवू नये, आणि तालुक्याच्या तक्रार समितीनं पंचनामा दिवसांत करावा, महिन्यांत नाही. या मागण्यांत मी विक्रेत्यांच्या बरोबर उभा आहे. पण त्या मागण्या करण्याचा अधिकार ज्याचा काउंटर स्वच्छ आहे त्याला जास्त शोभतो.

शेतकऱ्यांना आणि ग्रामसभांना माझी विनंती एवढीच आहे. येत्या खरिपात बियाण्याची पिशवी किंवा औषधाची बाटली हातात घेतलीत की लॉट नंबर, नाव, किंमत आणि तारीख लिहिलेली पक्की पावती मागा, उधारीवर घेतलंत तरी मागा. औषधाची पावती फवारणाऱ्याच्या खिशात ठेवा. ग्रामसभेत ठराव करा की गावच्या हद्दीतल्या प्रत्येक कृषी केंद्रानं साठा आणि भावाचा फलक दर्शनी भागात लावावा आणि कुठल्याही गोणीबरोबर दुसरा माल लादू नये. दुकानदार नाही म्हणाला तर तालुका कृषी अधिकारी आणि पंचायत समितीचा कृषी अधिकारी, दोघांकडंही लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या.